गुडघ्यापर्यंतचा फोटो

"अब्बा, पाहुण्यांना मी मॅनेजर आहे असं सांगू नका," नावेद म्हणाला.

हसनभाई स्टुलावर चढून भिंतीवरच्या दोन फ्रेम पुसत होते. उरणची मंडळी दुपारी हुदाला बघायला यायची होती. आत अम्मीचा बिर्याणीचा कांदा तळून झाला होता. बहिणीसाठी नावेद सुट्टी काढून इंग्लंडहून पनवेलला आला होता, पण घरी पोचल्यापासून त्याला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

एका फ्रेममध्ये तरुण हसनभाई होते, कुवेतच्या पांढऱ्याशुभ्र गाडीला टेकून. गाडीखालची जमीन ओली होती. लहानपणी नावेदने विचारलं होतं, "कुवेतला पाऊस पडतो?" अब्बा म्हणाले होते, "पडतो कधी कधी." अब्बांची गाडी हा त्या घराचा मोठा मान होता. शेजाऱ्यांना ती इतक्यांदा दाखवून झाली होती की शेजारीच आता नव्या भाडेकरूंना तिच्याबद्दल सांगत.

दुसऱ्या फ्रेममध्ये नावेद होता. अंगात सूट, मागे काचेची उंच इमारत. फोटो गुडघ्यापर्यंतच होता. फ्रेम लहान पडली असेल, असं नावेदला वाटलं होतं.

तो एमबीए करायला गेला होता. आधी वर्गात शिकायचं, मग वर्षभर कंपनीत काम, आणि मग डिग्री. जाहिरातीत हे फार सोपं दिसत होतं. कंपनी ज्याची त्यानेच शोधायची, हे तिथे गेल्यावर कळलं. त्याने अर्ज करकरून डोळे फोडून घेतले. परदेशी मुलाला कोणी दारात उभं केलं नाही. शेवटी एका हॉटेलात त्याला भांडी घासायचं काम मिळालं. सूट रूममेटचा होता. इमारत कामाच्या वाटेवर लागायची. गल्फला गेलेल्या प्रत्येकाने घरी असाच एखादा फोटो पाठवला होता, म्हणून त्यानेही पाठवला.

"मग काय सांगू?" हसनभाईंनी मागे न बघता विचारलं.

"ते ऑफिस माझं नाही, अब्बा. मला कोणत्याच कंपनीने घेतलं नाही. मी भांडी घासतो. थकलो मी. परत जाऊ की नको, तेही कळत नाही. तुमची इज्जत घालवली मी."

हसनभाईंचा हात थांबला नाही. काच पुसून झाल्यावर ते सावकाश खाली उतरले.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "सुटाखाली रबरी बूट होते तुझ्या पायात. स्टुडिओवाल्याला मीच म्हटलं, गुडघ्याखालचं कापून टाक."

नावेदला धड रडूही येईना.

"मग तेव्हाच विचारलं का नाही?"

"काय विचारणार? मला कुठे कोणी विचारलं होतं?"

बाहेर रिक्षा थांबली. हुदा आतून म्हणाली, "अब्बा, आले वाटतं ते लोक."

हसनभाई दाराकडे गेले नाहीत. त्यांनी पुन्हा स्टुलावर चढून कुवेतचा फोटो खिळ्यावरून काढला आणि लेकाच्या हातात दिला.

"येऊ देत. आज दोन्ही फोटोंचं खरं सांगू," ते म्हणाले. "बेटा, त्या दिवशी कुवेतला पाऊस नव्हता. शेठची गाडी मी नुकतीच धुतली होती."