गार खोली

कॅल्गरीत बाहेर बर्फ पडत होता आणि सासऱ्यांची खोली पुन्हा गार पडली होती. ऋजुता वैतागली. घरभर गरम हवा सोडणाऱ्या तळघरातल्या फर्नेसचा फिल्टर तिनं बदलला होता, मेकॅनिकही येऊन गेला होता. बाकी घर उबदार, फक्त अण्णा कुडकुडत बसलेले.

"आता आणखी काय करू मी!" म्हणत तिनं त्यांच्या खोलीतली गरम हवेची जाळी उचकटली. आत मफलर कोंबलेला होता.

"अण्णा, हे तुम्ही केलंत? का?"

अण्णा ओशाळले. "खालचं बोलणं यातून वर ऐकू येतं गं. मी परत कधी जाणार, यावरून तुम्ही दोघं रोज भांडता. ऐकवत नाही."

मफलर हातात धरून ऋजुता तिथंच बसली. जाळीतून ऊब यायला लागली, आणि खालून नवऱ्याचा फोनवरचा आवाजही, शब्दन् शब्द.