डब्यांची उतरंड

"तिसरा मजला नको," फ्लॅट न बघताच माझे सासरे म्हणाले. "जमीन हलली तर जिने उतरायला वेळ मिळतो का?"

कोयनेकाठचं आमचं घर धक्क्यांनी तडकलं, म्हणून आम्ही या शहरात आलो. इथे भूकंप नव्हता, पण नदी दोन गल्ल्या पलीकडे होती. मी एजंटसमोरच तळमजल्याला नको म्हटलं, तसे आप्पा उखडले. "पाणी सांगून येतं, सूनबाई. धक्का सांगून येतो?"

तळमजलाच घेतला. गावच्या सवयीने आप्पा झोपताना उशाशी स्टीलच्या डब्यांची उतरंड रचायचे. गावी जमीन हलली की ती कोसळायची आणि आम्ही सगळे अंगणात धावायचो.

श्रावणात आम्ही दोघं माझ्या माहेरी गेलो होतो. आप्पा एकटेच घरी होते. पहाटे नदी आत शिरली. पाण्याने उतरंड पाडली नसेल, अलगद उचलली असेल. आप्पांना जाग आली तोवर पाणी पलंगावर चढलं असेल, दार उघडलं नसेल.

जिना बुडाला होता. तिसऱ्या मजल्यावरचे सांगतात, खालून बराच वेळ डबा बडवल्याचा आवाज येत होता. मग थांबला.