मिटलेली मूठ

"भाजी अळणी आहे," कैदेतल्या राणीने गजांखालून ताट बाहेर सरकवलं. "एवढा अपमान पुरे नव्हता का?"

"मीच तसं सांगितलं, आईसाहेब," सेनापती धारोजी मान खाली घालून म्हणाला. "गडावरचं मीठ आता त्याचं झालं. ते तुम्हाला कसं वाढू?"

त्यांच्या राज्यात शपथ मिठाचीच असे. राजा सैनिकाच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवी. ते खाल्लं की माणूस जन्मभर त्याचा. आज सकाळी गादी बळकावणाऱ्या दिराने साऱ्या फौजेला मीठ दिलं होतं.

"तू मात्र खाल्लंस," राणी म्हणाली. "खिडकीतून पाहिलं मी."

"हात तोंडापर्यंत नेला, एवढंच."

धारोजीने सकाळपासून मिटलेली मूठ उघडली, घामाने ओलं झालेलं मीठ जमिनीवर झटकलं आणि त्याच हाताने कोठडीचं कुलूप काढलं.