अठराव्या मजल्यावर

लिफ्टमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी परदेशातल्या एका शिखराच्या ट्रेकला नाव नोंदवलं. घरच्यांनी आधी पोटभर हसून घेतलं, मग काळजी करून घेतली. फॉर्मवर मुलाची सही लागणार होती आणि तो आठवडाभर ती टाळत होता. म्हणून आज ते पाठीवर बारा किलोची सॅक घेऊन त्याच्या ऑफिसात, अठराव्या मजल्यावर, जिन्यानं चढून आले. याच इमारतीची लिफ्ट त्यांनी छत्तीस वर्षं चालवली होती.

"लिफ्ट बंद आहे का?" मुलानं विचारलं.

"चालू आहे. फॉर्म घे."

"बाबा, जन्मभर स्टुलावर बसून बटणं दाबलीत. आता गुडघ्यांना ही शिक्षा कशाला? आणि वर जायची एवढी कसली हौस? दिवसातून शंभरदा तर जात होतात."

ते घाम पुसत खिडकीपाशी गेले. इथून शहर कसं दिसतं, हे ते पहिल्यांदाच बघत होते.

"जात होतो की. दार उघडून लोकांना उतरवायचो आणि तसाच खाली यायचो. या वेळी वर मी उतरणार आहे. कर सही."