तिने बांधलेल्या पिशव्या

लेकीने कात्री उचलली तसा शिंपी ओरडला, "ती नको! कापडाची आहे. प्लास्टिकवर चालवलीस तर धार जाईल."

"मग दुसरी द्या."

"दुसरी नाही."

"शिंप्याच्या घरात एकच कात्री? बाबा, कोणाला सांगताय हे?"

त्याने तिच्या हातातून कात्री घेतली आणि पाठीमागे धरली.

ओट्यावर पिशव्या मांडलेल्या होत्या. साखर, मीठ, मसूर, तांदूळ. प्रत्येकीच्या तोंडाला एकसारखी गाठ. दोन वेढे आणि एक टोक आत खोचलेलं. शिंप्याच्या बायकोने बांधलेल्या. ती गेल्यापासून त्यातली एकही उघडली नव्हती. तांदळात किडे झाले होते. पिशवीच्या आतून काळे ठिपके वर चढताना दिसत होते.

लेक सकाळीच काचेच्या बरण्या घेऊन आली होती. आता तिने ओट्याखाली हात घातला आणि दुसराच ढीग बाहेर ओढला. सगळ्या दुकानातल्या नव्या पिशव्या. कुठे अर्धी साखर, कुठे मूठभर मसूर, बाकी रिकाम्या, चुरगाळून एकमेकींत कोंबलेल्या.

"हे काय? साखर घरात असताना पुन्हा साखर? आणि मीठसुद्धा?"

"लागलं म्हणून आणलं."

"आईने कधी दुकानातून नवी पिशवी घेतली होती का? तीच धुवायची, वाळवायची आणि तीच घेऊन जायची. तुम्ही शिवलेल्या कापडी पिशव्या दाराआड टांगल्यात. त्यांच्यावर धूळ बसलीय बघा."

शिंप्याने पाठीमागची कात्री दुसऱ्या हातात घेतली.

"बोला ना, बाबा."

"गाठ सुटत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"एक टोक ओढलं की सुटायची. कोणतं, ते मला माहीत नाही. लागेल ते तीच काढून द्यायची, मी कशाला बघतोय? मी ओढलं की आणखी आवळते. सुई घालून पाहिली. जन्मभर दोऱ्याचे गुंते सोडवले, पण ही काही दाद देत नाही."

"मग कापायची सरळ!"

"कापली की पिशवी गेली, म्हणायची. मी कात्री घेतली की हातावर चापट मारायची."

लेक त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे एक पिशवी वाया जाऊ नये म्हणून तुम्ही हा एवढा कचरा घरात आणलात?"

"आणला."

तिला हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर आलं नाही. तिने ढिगातली मसुराची पिशवी उचलली, तोंड पिळलं आणि बोलता बोलता बांधून टाकली. "आता ही तरी नीट..." ती थांबली. दोन वेढे, टोक आत. तीच गाठ.

"तुला येते?" शिंप्याने विचारलं.

"मी अशीच बांधते. आईची म्हणून नाही. अशीच." तिने आत खोचलेलं टोक चिमटीत धरून स्वतःकडे ओढलं. गाठ सुटली.

मग तिने मिठाची पिशवी घेतली. सुटली. साखरेची सुटली. मसुराची सुटली. बरण्या भरत गेल्या. रिकामी झालेली पिशवी ती नळाखाली धरायची आणि दोरीवर चिमट्याने लावायची. तिला आता हुरूप आला होता. शिंप्याने कात्री खाली ठेवली आणि तो ओट्याच्या जवळ सरकला.

तिने तांदळाच्या पिशवीकडे हात नेला, तर तिच्या आधी त्याचा हात तिथे पोचला होता.

"ही राहू दे."

"हिच्यातच तर किडे आहेत."

"राहू दे म्हटलं ना."

"बाबा, ते प्लास्टिक कुरतडून बाहेर येतील. मग घरभर होतील."

"होऊ देत." त्याचा आवाज चढला. "बाकीच्या सोडल्यास ना सगळ्या? मीठ तरी ठेवायचंस. मिठाला काय होणार होतं?"

"तुम्ही समोर उभे होतात. बोलला का नाहीत?"

"कोणत्या तोंडाने बोलू? कचरा केला म्हणालीस, ते खरंच आहे."

लेकीने हात पुसले. दोरीवरच्या पिशव्यांमधून पाणी ठिबकत होतं. आईच्या हातची बांधलेली आता ही एकच होती, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. तिने एक परात आणून त्याच्यासमोर ठेवली.

"ही मी नाही सोडणार," ती म्हणाली. "ठेवायची तर ठेवा. मी पुन्हा विचारणार नाही."

शिंपी पिशवीवर हात ठेवून उभा होता. पिशवी वरच्या बाजूला फुगलेली होती. त्याच्या तळव्याखाली काहीतरी हललं.

"कोणतं टोक म्हणालीस?"

"आत खोचलेलं. तुमच्याकडे ओढा. हळू."

त्याने ओढलं. गाठ इतकी सहज सुटली की त्याचा हात मागे गेला. बायकोने गाठ मारताना पिशवीत कोंडलेली हवा त्याच्या तोंडावर आली, कोमट, जुन्या तांदळाच्या वासाची. त्याने झटकन पिशवीचं तोंड मुठीत आवळलं.

"बाबा?"

किडे त्याच्या बोटांच्या फटींतून बाहेर येऊन मनगटावर चढू लागले. त्याने मूठ सोडली नाही.