कोकिळेला आणायला

लीलाधरभाऊंनी नाकावरचा रुमाल काढलाच नाही. दीव बेटावर उतरल्यापासून तो वास पाठ सोडत नव्हता. दोरीवर बोंबील वाळत होते. खाली घोंघावणाऱ्या माश्यांचं मोहोळ.

"सवय होते, नाना," कोकिळा म्हणाली.

कोकिळा त्यांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी सावद्याहून केळी नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरसोबत ती निघून आली होती. "एकदा बघून या. घरी चाल म्हणा तिले," असं म्हणत तिच्या आईनं, बेबाबाईंनीच, त्यांना पाठवलं होतं.

तिच्या घरात कालवणाचा वास कोंदला होता. भाऊंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणून ती त्यांना समुद्रावर घेऊन आली. लाटांनी कोरलेले खडक उभे होते. एकाला आरपार भोक, एक थेट बसलेल्या उंटासारखा.

"लोक लांबून येतात हे पहायले," ती हौसेनं म्हणाली.

उंटाच्या पोटाखाली दारूच्या बाटल्या पडल्या होत्या. शेजारी कुणीतरी ओकलं होतं आणि त्यावरून खेकडे फिरत होते. भाऊ तोंड फिरवून दुसऱ्या खडकावर टेकले.

"माय काबरं नाही आली?"

"गुडघे दुखतात तिचे."

"गावात मले काय म्हणतात?"

"कुणी तुझं नावही काढत नाही."

ती बोटानं वाळू उकरत राहिली.

"चाल घरी," भाऊ म्हणाले.

"नाही, नाना. आता हेच घर."

भाऊंना एकदम हलकं वाटलं. रुमाल बाजूला करून ते मोकळेपणानं म्हणाले, "मी रागावलो नाही. माय वाट पाहते तुझी. चाल, पोरी."

कोकिळेला गदगदून आलं. "तो महिना महिना येत नाही, नाना. आला की पितो, मारतो. आणि हा वास... मले अजून रोज ओकारी येते." तिनं पदरानं डोळे पुसले. "येते मी. पिशवी भरून आणते. तुम्ही इथंच बसा."

ती वाळूतून धावतच गेली आणि खडकाआड दिसेनाशी झाली.

भाऊ उठले. भरभर रस्त्यावर आले, रिक्षा थांबवली.

"बस स्टँड. जल्दी."

सावद्यात जित्याजागत्या कोकिळेचं तेरावं करून त्यांना दीड वर्ष झालं होतं.