वेट आणि एक्स्पेक्ट

परीक्षेआधीचा शेवटचा तास संपत आला होता. पास झाली की नर्स सुनेत्रा दोन वर्षांसाठी आयर्लंडला जाणार होती.

तिला इंग्रजी शिकवणारा हेरंब वहीतली चूक दाखवत म्हणाला, "'वेट'ला 'फॉर' लागतं, 'एक्स्पेक्ट'ला नाही. वेट म्हणजे वाट बघत थांबणं. एक्स्पेक्ट म्हणजे माणूस येणार, हे धरून चालणं."

"मग मी परत येईपर्यंत तुम्ही काय करणार, सर?" तिने मिश्कीलपणे विचारलं.

वर्षभर हेरंबला जे बोलायचा धीर झाला नव्हता, ते तिने व्याकरणातून विचारलं होतं. त्याचे कान तापले.

"वेट," तो कसाबसा म्हणाला.

"बरं." तिने वही पिशवीत टाकली. "मग रविवारी घरी या. आई-बाबा तुम्हाला एक्स्पेक्ट करतायत."